चौथ्या चाकाचे ठोके

प्रिय वॉशर,

या नावाने हाक मारलेली तुला आता आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. दोन मुलांची आई झालीस, ऑफिसात वीस माणसं तुझ्या हाताखाली आहेत, आणि हा म्हातारा अजून तुला वॉशर म्हणतो. पण तू दहा बोटांत दहा वॉशर घालून गॅरेजभर राणीसारखी मिरवायचीस, मग एखादा बोटात रुतला की भोकाड पसरायचीस आणि तुझे बाबा ग्रीस चोपडून तो हळूच काढायचे, हे ज्याने पाहिलंय त्याच्या तोंडी दुसरं नाव येत नाही. तेव्हा राग गिळ आणि पुढे वाच. मी तुला याआधी कधी पत्र लिहिलेलं नाही. माझं लिहिणं म्हणजे जॉबकार्डावर 'क्लच वायर बदलली, हॉर्न चालू केला' एवढंच. म्हणून यात पुढचं मागे आणि मागचं पुढे झालं तर सांभाळून घे.

तू उद्या, शनिवारी, दुपारच्या गाडीने येतेस आणि सोमवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचंय. तुझ्या बाबांच्या तोंडातून घातलेली श्वासाची नळी आता फार दिवस ठेवता येत नाही म्हणतात. एक तर गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालायची आणि मशीन चालू ठेवायचं, महिने लागोत की वर्षं. नाहीतर नळी काढून घ्यायची, त्रास होणार नाही एवढं औषध द्यायचं आणि जे होईल ते होऊ द्यायचं. सही तुझी. वहिनीला जाऊन सहा वर्षं झाली, दादाला तुझ्याशिवाय मूल नाही, आणि भावाला त्या कागदावर जागाच नाही. खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटलं होतं. मला कुणी विचारू नये हेच मला हवं होतं. तू रोज संध्याकाळी फोनवर विचारतेस, "काका, काही बदल?" आणि मी रोज सांगतो, "काही नाही गं, तसंच आहे." चार दिवस मी तुझ्याशी खोटं बोलतोय. काय खोटं, ते सांगायला मला तुझ्या बाबांच्या गाडीपासून सुरुवात करावी लागेल. वैतागू नकोस. सरळ रस्ता सोडून गल्लीबोळातून जायची माझी खोड तुझ्या आईलाही माहीत होती.

गाडी गॅरेजमध्ये होती तशीच उभी आहे. मागच्या काचेवर तुझ्या धाकट्याने चिकटवलेला बेडूक अजून तिथेच आहे, त्याचा एक पाय तेवढा सुटलाय. तीन चाकं लावलेली. चौथं, ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं, काढून भिंतीला टेकवलेलं, आणि गाडीचा तो कोपरा जॅकवर. फरशीवर ब्रेक ऑइल सांडलं होतं ते मी पुसलं, पण मडगार्डवर चार बोटांच्या रेघांपुरता रंग उडालाय, तो काही पुसून जाणार नाही. ब्रेक ऑइल रंग खातं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तुझी निळी सायकल त्यानेच पांढरी झाली होती. रेघांचं पुढे सांगतो. ऑइल नुसतं रंग खातं असं नाही, ते पाणीही पितं. हवेतला ओलावा झिरपत राहतो आणि दोन-अडीच वर्षांत ते फिकट सोनेरी ऑइल कोऱ्या चहासारखं होतं. असं पाणी प्यालेलं ऑइल मोठ्या उतारावर तापलं की आतल्या आत उकळतं, त्याचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो. मग पाय जातो जमिनीपर्यंत आणि गाडी जाते पुढे. म्हणून ते वेळेवर बदलायचं.

आणि हे काम एकट्याचं नाही. मोठ्या गॅरेजांत आता त्याला मशीन आलंय, पण आमच्याकडे शेवटपर्यंत दोन माणसंच होती. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी बसून ब्रेकच्या पाठीमागचं निपल, म्हणजे ऑइल सोडायची बारीक तोटी, पान्याने अर्धा फेरा उघडायचं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत. उघडलं की जुनं ऑइल बाटलीत येतं, अडकलेली हवा बुडबुड करत निघते, आणि आतल्याच्या पायाखाली पेडल जमिनीला टेकतं. ते तसंच धरून ठेवायचं. खालच्याने निपल बंद केलं की मगच पाय उचलायचा, कारण निपल उघडं असताना पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायचं आणि ड्रायव्हरच्या पुढच्या चाकाशी संपवायचं. चाळीस वर्षं दादा खाली आणि मी वर. त्याचे हात माझ्यापेक्षा चांगले आणि माझे पाय त्याच्यापेक्षा जड, असं तो म्हणायचा. प्रत्येक चाक झालं की बाटली उजेडात धरून रंग बघायचा, एखाद्याने औषधाचा डोस बघावा तशी. आधीच्या काळात आम्ही तोंडाने बोलायचो. तो खालून ओरडायचा, "दाब." मी म्हणायचो, "धरलंय." मग तो म्हणायचा, "सोड." तू आणि तुझी आई दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून हे खेळायचात आणि कडी तोडायचात.

आता अकरा वर्षांपूर्वीचं सांगतो, जे तुला कुणी कधी सांगितलं नाही. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंची छोटी लाल गाडी ब्रेक ऑइल बदलायला आली होती. मागचं चाक चालू होतं. मी पेडल धरून बसलो होतो आणि खिशातला फोन थरथरायला लागला. माझा तो गळ टाकून मासे धरणारा मित्र, रविवारी तळ्यावर यायचं का म्हणून विचारायला. फोन काढायला मी सीटवर तिरका झालो आणि पाय उचलला गेला. किती, तर पापणी लवेल इतका. लगेच परत दाबला. दोन सेकंदांनी दादाने "सोड" म्हटलं आणि मी सोडलं, काही बोललो नाही. नंतर ट्रायलही मीच मारली. पेडल केसभर मऊ लागलं. मनात म्हटलं, नवीन ऑइल आहे, बसेल हळूहळू. नवीन ऑइल बसत वगैरे नाही, हे मला गॅरेजातल्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. दोन दिवसांनी बाई पाण्याच्या टाकीजवळचा उतार उतरत होत्या. गाडी थांबली, पण दोन हात उशिरा. टाकीच्या भिंतीवर आदळली आणि बाईंचं उजवं मनगट मोडलं. चष्म्याचे तिळाएवढे स्क्रू बसवणारा हात होता तो. पुढे कितीतरी महिने त्या दुकानात नुसत्या बसून असायच्या आणि काम त्यांची बहीण करायची. मी त्या रस्त्याने जायचं सोडलं.

दादा स्वतः त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला, "चूक माझ्या हाताची आहे." संध्याकाळी गॅरेजच्या नळावर हात धुताना त्याने मला विचारलं, "पाय काढला होतास?" मी म्हणालो, "नाही." त्याने फडक्याने एकेक बोट पुसलं, फडकं दोरीवर टाकलं आणि घरी गेला. बास, एवढंच. त्यानंतर अकरा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. तुम्हा सगळ्यांना वाटलं, गॅरेजच्या वाटणीवरून काहीतरी झालं असेल. तू किती वेळा विचारलंस, आणि मी शहाण्यासारखा चेहरा करून "जाऊ दे, जुनं आहे" म्हणत राहिलो. त्याने माझी चूक पोटात घातली होती गं. खोटं पोटात घालता आलं नाही त्याला. आणि एवढं असून त्याने ते कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलासुद्धा. मी बाहेर त्याच्या हट्टीपणाच्या गोष्टी सांगत फिरलो, आणि त्याने त्या फिरू दिल्या.

आमच्या अबोल्यावर तुम्ही पोट धरून हसायचात, आणि हसण्यासारखाच होता तो. चौदाचा पाना हवा असला की दादा कॉम्प्रेसरला सांगायचा, "कुणाला सापडला तर द्यावा." मी कॉम्प्रेसरला उत्तर द्यायचो, "ड्रॉवरमध्येच आहे, डोळे उघडून बघितलं तर." एवढा मान त्या यंत्राला दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मिळाला नसेल. गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. एक टेलिफोनवाला तर आत आला की सरळ कॉम्प्रेसरलाच विचारायचा, गाडी कधी मिळेल म्हणून. तुझ्या लग्नात फोटोवाल्याने आम्हाला शेजारी उभं केलं आणि "जरा हसा" म्हणाला, तर आम्ही दोघंही त्याच्याकडे बघून आपापलं वेगळं हसलो. वहिनी आजारी होती तेव्हा मात्र हॉस्पिटलच्या एकाच बाकावर रोज बसायचो. तो थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायचा, एक माझ्याकडे सरकवायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. तेव्हा सांगायला हवं होतं. रोज घरून ठरवून निघायचो, आणि रोज चहा पिऊन परत यायचो.

पण ब्रेकचं काम थांबतं थोडंच. त्या संध्याकाळनंतरच्या सोमवारी एक गाडी आली. मला वाटलं, आता तो शेजारच्या टायरवाल्याला हाक मारणार. त्याने हनुवटीने मला सीट दाखवली. मी बसलो. खालून ब्रेकच्या ड्रमवर पान्याचा एक ठोका आला. मी दाबलं. पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून दाराच्या पत्र्यावर बोटाने दोन ठोके दिले, धरलंय म्हणून. पेडल खाली गेलं, थांबलं, आणि खालून तीन ठोके आले. मी सोडलं. तेव्हापासून हीच आमची भाषा. एक म्हणजे दाब, दोन म्हणजे धरलंय, तीन म्हणजे सोड. कॉम्प्रेसर सोडला तर अकरा वर्षांत आम्ही एकमेकांशी जे काही बोललो ते एवढंच. पेडलवर तो अजून मलाच बसवतो, हे मला रोज दिसायचं, आणि का बसवतो हे विचारायची लाज वाटायची. मी मनाशी शपथ घेतली होती, तीन ठोके पडल्याशिवाय पाय हलवायचा नाही, मग आभाळ कोसळो. पहिल्या वर्षी एकदा त्याने मुद्दाम ठोके दिले नाहीत. पाच मिनिटं. मांडी थरथरायला लागली, तरी मी धरून बसलो. मग आले तीन, सावकाश. ती परीक्षा होती आणि मी पास झालो, असं मला वाटलं. घरी जाताना मी शीळ घालत गेलो होतो.

त्या गुरुवारी काय झालं ते आता लिहितो. दोन दिवसांनी तो तुझ्याकडे यायला निघणार होता. वाटेत मोठे उतार आहेत, म्हणून आधी ब्रेक ऑइल बदलून घ्यायचं ठरवलं. सकाळी गॅरेज उघडता उघडता कॉम्प्रेसरला म्हणाला, "एवढ्या लांब एकट्याने जायचा कंटाळा येतो. शेजारची सीट रिकामीच असते." वॉशर, अकरा वर्षांत त्याने कॉम्प्रेसरशी इतकं लांबलचक बोलणं केलं नव्हतं. या वेळी मला कॉम्प्रेसरला उत्तर द्यायचंच नव्हतं. मी ठरवलं, चारही चाकं होऊ देत, मग त्याच्याकडे बघून बोलायचं. आधी ते मनगटाचं, मग सीटचं. तीन चाकं झाली. चौथ्यापाशी तो बुटक्या स्टुलावर बसला, दाराच्या पत्र्यापलीकडे, माझ्यापासून दीड हातावर. एक ठोका आला. मी दाबलं, दोन दिले. पेडल जमिनीला टेकलं, आणि त्याच वेळी गाडीतल्या रेडिओवर अकराच्या बातम्या सुरू झाल्या.

तीन ठोके येईनात. मला वाटलं, परत परीक्षा घेतोय. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं, कारण वाक्य जुळवायला वेळ मिळाला. स्टिअरिंगकडे बघून मी पुटपुटत होतो, "दादा, त्या दिवशी मी पाय काढला होता." नुसतं "काढला होता" म्हणावं की "चुकून" घालावं, "चुकून" म्हटलं तर त्याला ती पळवाट वाटेल का, असं चाललं होतं माझं. बातम्या संपल्या, हवामान झालं, एक गाणं लागलं आणि संपलं. काचेतून त्याच्या टोपीचा शेंडा दिसत होता, नेहमीसारखा, मडगार्डला टेकलेला. मग मी दाराच्या पत्र्यावर दोन ठोके दिले. उत्तर नाही. परत दोन. तेव्हा कुठे मी पाय न काढता दार अर्धं उघडून बाहेर वाकलो. पाना फरशीवर पडला होता, बाटली आडवी झाली होती, आणि ऑइलने माखलेला त्याचा हात मडगार्डवरून घसरत खाली आला होता. त्याच त्या चार रेघा. आणि पोरी, ते बघूनही पाय उचलायच्या आधी मी थबकलो. क्षणभरच, पण थबकलो. ठोके पडले नव्हते ना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "पडून किती वेळ झाला?" मी म्हणालो, "पडला तसा उचलून आणला." बातम्या, हवामान आणि एक गाणं, हे मी सांगितलं नाही. त्या पंधरा-वीस मिनिटांनी काही फरक पडला असता की नसता, मला माहीत नाही, आणि विचारायचं धाडसही होत नाही. दुसऱ्या दिवशी तू आलीस, आठ दिवस त्याच्यापाशी राहिलीस, आणि निघताना माझा हात धरून म्हणालीस, "काका, तू होतास म्हणून बाबा वेळेवर पोचले." मला तोंड कुठे लपवावं कळेना. तू गेल्यावर रविवारी मी ते चौथं चाक एकट्याने पुरं करायला गेलो. निदान गाडी तरी पायावर उभी करावी म्हणून. सीट पुढे ओढली, सीट आणि पेडलच्या मध्ये लाकडाचा दांडका अडकवला, खाली येऊन स्टुलावर बसलो. मूर्खासारखा ड्रमवर एक ठोकाही दिला. निपल उघडलं, पेडल खाली गेलं तसा दांडका निसटून पडला आणि सगळी हवा आत. तीन वेळा तेच. शेजारचा टायरवाला दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "उठा, मी बसतो पेडलवर. दोन मिनिटांचं काम आहे." मी त्याला नको म्हणालो. का नको, ते त्याला सांगता आलं नाही. तो बिचारा मला पाण्याचा ग्लास देऊन गेला.

आता या आठवड्याचं. भेटायची वेळ चार ते साडेचार, आणि एकालाच आत सोडतात. मी डाव्या बाजूला बसतो, कारण उजवी बाजू गेलीय. डोळे उघडे असतात, पण छताकडे. डॉक्टर म्हणतात, हात उचला म्हटलं तर उचलत नाहीत, डोळे मिटा म्हटलं तर मिटत नाहीत, आत काही पोचतंय असं दिसत नाही. मंगळवारी मी बसलो आणि त्याचं डावं बोट पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हललं. टक, टक, टक. मोठी सिस्टर सलाइनची बाटली बदलत होती. म्हणाली, "काका, असे हात चालतात बऱ्याच जणांचे. मनाला लावून घेऊ नका." मी मान हलवली. ती गेल्यावर परत तीन. मी इकडेतिकडे बघितलं आणि चोरासारखे कठड्यावर दोन ठोके दिले. धरलंय. तो थांबला. मग तीन. मी परत दोन. त्याने परत तीन, या वेळी सावकाश, एकेक सुटा, मी ऐकलं नाही की पान्याने द्यायचा अगदी तसे. बुधवारी तेच, काल तेच, आज तेच. मी एक ठोका देऊन बघितला, तर तो काही करत नाही. चार देऊन बघितले, तरी नाही. दोन दिले की मात्र तीन. नसा आपोआप उडत असत्या तर माझ्या दोन ठोक्यांची वाट बघत राहिल्या नसत्या, वॉशर.

आता तुला कळलं असेल मी काय लपवत होतो. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणतील, माणूस जागा आहे. आणि माणूस जागा आहे म्हटलं की तो काय म्हणतोय तेही सांगावं लागेल, आणि ते सांगणारा जगात मी एकटाच. म्हणून मी गप्प बसलो. तो नक्की काय सोड म्हणतोय, हेही मला कळत नाही. कदाचित त्याला ते मशीन नको झालंय. कदाचित तो अजून चौथ्या चाकाशीच बसलाय आणि त्या दिवशी राहून गेलेले तीन ठोके देतोय, की निपल बंद केलं बाबा, आता उतर खाली. काल मी त्याच्या कानाशी वाकून ते वाक्य बोललो, "चुकून" न घालता. त्याने तीन ठोके दिले. ते त्या वाक्याला होते की आधीचेच, ते मी कसं सांगू. एकदा त्याने सांगण्याआधी मी पाय काढला, एकदा सांगणारा कोसळला तरी काढला नाही, आणि आता तो रोज सांगतोय तर माझा पाय निघत नाही. माझ्याच्याने हे होणार नाही. मी हे तुझ्या गळ्यात टाकतोय, त्याची मला लाज वाटते, पण ही भाषा शिकवावी असं तुझ्याशिवाय कुणी नाही. उद्या स्टेशनवर हे पत्र तुझ्या हातात देईन आणि टॅक्सीत पुढच्या सीटवर बसेन, मागे वळून बघणार नाही. वाचून झाल्यावर तुला मला जे म्हणायचं ते म्हण, किंवा काहीच म्हणू नकोस, त्याची मला सवय आहे. चार वाजता तू एकटी आत जा. डाव्या बाजूला बस. कठड्यावर बोटाने दोन ठोके दे, आणि थांब.

तुझाच,
पेडलवरचा काका